फाळक्यावरचं गाव

वेंटवर्थव्हिल, सिडनी
रविवार, जेवणं झाल्यावर

आदरणीय व्हॅलेरियनमामा यांस,

भाचा ड्वेन याचा वाकून नमस्कार. (‘आदरणीय’ आणि ‘वाकून’ हे मम्मीने सांगितलं. ती मागे उभी होती. आता भांड्यांकडे गेली, तेव्हा यापुढे नेहमीसारखं तू.) तुझा गुडघा कसा आहे? वेंडीमामीचं प्रेशर? पापडीच्या गॅरेजात नवीन टेम्पो किती रंगवलेस? फोन न करता पत्र का, असं विचारशील. तुला केलेला फोन मामी स्पीकरवर टाकते आणि मग तो अख्ख्या आळीला येतो. ट्रेव्हर अंकल मंगळवारी वसईला निघालेत, त्यांच्या बॅगेत हे घालतोय. एकट्याने वाच.

मी युनी सोडली हे कळलंच असेल. ट्युटर म्हणाला, असाइनमेंट उशिरा आली, घेणार नाही. मी म्हणालो, मग राहू दे. तो फक्त असाइनमेंटबद्दल बोलत होता, मी रागाच्या भरात पूर्ण डिग्रीबद्दल बोलून बसलो. आता गाड्यांना पुढे बुलबार (धडक झेलणारा लोखंडी कठडा) न् मागे कॅनपीचं छप्पर बसवायच्या वर्कशॉपमध्ये आहे, आणि खरं सांगू, खूश आहे. तुझ्या गॅरेजात सुट्ट्या घालवलेला मुलगा, दुसरं काय होणार?

तर मी गाडी घेतली. इथले लोक पिकअपला ‘यूट’ म्हणतात, पण माझी त्यातली नव्हे, पूर्ण साइझची अमेरिकन. आपल्या चर्चच्या पोर्चमध्ये उभी केली तर नवरी बाजूने जाणार नाही. (हप्त्यांबद्दल विचारू नकोस. मम्मी विचारते तेवढं पुरे.) गाडी कशाला, तर सॅन्ड्रासाठी. सॅन्ड्रा म्हणजे डोरीन आंटीची मुलगी, नर्स, जन्म इथलाच. पुढच्या महिन्यात तिची डबोच्या हॉस्पिटलात वर्षभराची बदली आहे. डबो इथून पाच तासांवर, आणि वाटेत संध्याकाळी कांगारू. मी दर शनिवारी जाणार असं मनाशी ठरवलं, म्हणून पुढे बुलबार. बुलबार आला म्हणून मोठे दिवे, दिवे आले म्हणून मोठी चाकं, आणि चाकं घासायला लागली म्हणून गाडी चार इंच उचलली. फक्त सॅन्ड्राला विचारायचं राहिलं. गाडी उचलणं त्यामानाने सोपं होतं.

उचलल्यावर कळलं की पॅरामॅटाच्या पार्किंगमध्ये ती शिरत नाही. उंची कळावी म्हणून दाराशी लटकवलेला पाइप टपावर आपटला आणि मला मागच्या अकरा गाड्यांसकट रिव्हर्स यावं लागलं. त्यातल्या एकाशी भांडलोही. तो बिचारा फक्त ‘नो वरीज, मेट’ म्हणत होता, पण त्याच्या म्हणण्याची पद्धत मला आवडली नाही.

आता मुख्य मुद्दा, आणि यात तुझा हात आहे. तू नेहमी सांगतोस ना, की लग्नाआधी एक शब्द न बोलता तू टेम्पोच्या मागच्या फाळक्यावर ‘वेंडी’ रंगवलंस, टेम्पो तिच्या दारावरून तीनदा नेलास आणि चौथ्यांदा तिने पाणी आणून दिलं? मी तेच केलं. फाळक्यावर ‘सॅन्ड्रा’ लिहिलं, तुझ्या पद्धतीने: पिवळी अक्षरं, लाल सावली, दोन्ही बाजूंना केळीचे घड. दोन रविवार लागले. बॉस बघून म्हणाला, ब्यूटिफुल, काय लिहिलंय? तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, की सॅन्ड्राला मराठी वाचताच येत नाही.

तिनेही विचारलंच. उत्तर मी आठवडाभर पाठ केलं होतं, पण तोंडातून निघालं, ‘वसईतलं आमचं गाव.’ ती म्हणाली, ‘क्यूट. आणि ती केळी?’ मी म्हणालो, तिथे होतात.

मामा, म्हणजे जिच्यासाठी लिहिलं ती सोडून सगळ्यांना ते वाचता येतं. म्हणून इथल्या चर्चमध्ये महिन्यातून एकदा होणाऱ्या मराठी मिस्साला मी गाडी नेहमी पाठ भिंतीकडे करून लावायचो. गेल्या रविवारी रिव्हर्स घेताना मागून कुणी तरी हॉर्न दिला. एकदा दिला असता तर सोडलं असतं. दोनदा दिला. मी तावातावाने गाडी सरळ तोंडाने घुसवली, धाडकन दार लावलं आणि आत जाऊन शांतीसाठी प्रार्थना केली. बाहेर आलो तर फाळका चर्चच्या दाराकडे, आणि अख्खी वसई चष्मे पुसत त्याच्यासमोर.

त्यात मी आंटीला आणि सॅन्ड्राला घरी सोडायचं कबूल केलेलं. आंटीसाठी गाडीत प्लॅस्टिकचं स्टूल ठेवलंय, त्याशिवाय ती चढू शकत नाही. ती स्टूलवर चढली, आत बसली, स्टूल मांडीवर घेतलं आणि स्कोफिल्ड्सला त्यांचं घर येईपर्यंत घट्ट धरून ठेवलं. उतरताना म्हणाली, ‘बाळा, आधी विचारायचं असतं, मग रंगवायचं.’

सॅन्ड्राने विचारलं, ममा, काय झालं? आंटी म्हणाली, ‘शनिवारच्या मराठी वर्गाला जा म्हणून लहानपणी घसा फोडला मी. आता शिक आणि वाच.’ सॅन्ड्रा आईसारखीच हट्टी. तिने फाळक्याचा फोटो काढला आणि आईकडून बाराखडी शिकायला बसली. रोज मला एकेक अक्षर लिहून पाठवते. बुधवारी ‘ड’ आला. काल ‘र’. मला जेवण जात नाही.

तेव्हा कळकळीची विनंती: गाडीच्या मूळ रंगाला धक्का न लावता ऑइलपेंट कसा काढायचा? फोटो तिच्याकडे आहे हे खरं, पण ती वाचेपर्यंत निदान फाळका तरी कोरा हवा. ती नाही म्हणाली तर पूर्ण गाडीच विकावी लागेल, कारण ते नाव पाठीवर घेऊन मी फिरू शकणार नाही, आणि दुसरी सॅन्ड्रा माझ्या ओळखीत नाही.

मामीला प्रेम. तुझ्या गुडघ्यासाठी मेणबत्ती लावली आहे.

तुझाच,
ड्वेन

ता. क. मम्मीने आत्ताच मामीला फोनवर ही सगळी हकिगत सांगितली. (पत्र लिहिण्याचा उपयोग काय झाला!) मामी म्हणते, ‘वेंडी’ हे नाव लग्नानंतर चौथ्या वर्षी आलं, तेही तिने महिनाभर अबोला धरल्यावर. त्याआधी फाळक्यावर ‘हॉर्न द्या’ होतं. मामा, तुझ्या भरवशावर मी रंग आणला होता.

ता. क. २. सोमवार. रंग काढायचं राहू दे. सकाळी सॅन्ड्राचा मेसेज आला, वाकड्यातिकड्या मराठीत, आंटीला अक्षरं विचारत कागदावर लिहून फोटो काढलेला: ‘गाव छान आहे. केळी जास्त झाली. डबोला कधी निघायचं?’ मी तो वर्कशॉपमध्ये सगळ्यांना दाखवला, एकालाही वाचता आला नाही, तरी सगळ्यांनी हात मिळवला.

आता खरी विनंती. तुझ्या टेम्पोला बाजूने लोखंडी पायरी आहे ना, तिचं माप पाठव. डबोला डोरीन आंटीही येणार आहे, आणि पाच तास ते स्टूल मांडीवर घ्यायला ती तयार नाही.