सुगतच्या तोंडी परीक्षेचं शून्य आणि माझी पान्यांची पेटी

मी निखिल फकिरा भेंडारकर, घरचं नाव मोनू, वय पंचवीस, राहणार कॅम्प-१, भिलाई. सध्या हिमाचलात विजेच्या टॉवरच्या कामावर आहे. डोकं ठिकाणावर असताना, दारू न पिता, कोणी न सांगता हे लिहून ठेवतो. सोमवारपासून नदीवरून तार ओढायची आहे, म्हणून. शाळा हिंदीत झाली, तीही अर्धी. पण आईले ऐकवायचं आहे, म्हणून मराठीत.

१) घरातला माझा हिस्सा आणि बँकेत असेल ते आई मैनाबाईचं. बाबांनी त्यावरून तिले बोलू नये.

२) माझी पान्यांची पेटी सुगतले द्यावी. तो भिलाईजवळ चरोद्याले सायकली दुरुस्त करते. आठवीत आम्ही एका वर्गात होतो. तो अडखळत बोलायचा. बहात्तर पोरं अन् मॅडम एकटी. सगळ्यात वांड मी, म्हणून तिनं मलेच मॉनिटर केलं. वर्ग खरंच चूप झाला. मग मागच्या रांगांची तोंडी परीक्षाही माझ्याकडे आली. मी नदीचं नाव विचारलं. सुगत "म... म..." करत उभा. मी म्हटलं, "काय बे रेडिओ, टेसन लागून नाही राहिलं का?" सगळे हसले. मी दहापर्यंत मोजून शून्य टाकलं. त्याले महानदी येत होतं, हे मले तेव्हाच कळलं होतं.

नापास तर तेव्हा आठवीत कोणी होत नव्हतं. त्या शून्यानं त्याचं काही अडलं नसतं, हसण्यानं अडलं. त्या दिवसानंतर तो शाळेत आलाच नाही. मॅडमनं विचारलं, तर मी सांगितलं, गावाले गेला. मी नववीत आपटलो, ते माझ्या कर्मानं. मागच्या सुट्टीत त्याच्या दुकानात हवा भरून घेतली अन् न बोलता परतलो.

३) मोबाइल बहीण हर्षाचा. हर्षा, तू जुनवानीच्या शाळेत शिकवते. परवा फोनवर खूश होती, "दादा, सगळ्यात मस्तीखोर पोराले मॉनिटर केलं, वर्ग एकदम शांत! एक पोरगी तोंडीले तोंडच उघडत नाही, दिलं शून्य." मी "हो हो" म्हणून फोन ठेवला. आता लिहितो. तिची परीक्षा पुन्हा घे. एकटीची घे, लिहून घे, चित्र काढून घे. गुणांची वही मॉनिटरच्या हाती देऊ नको. तो पोरगा वाईट नसन. त्याले वर्ग हसवता येते, तेवढंच येते.

बाकी कलमं मी मेल्यावर लागू. हे तिसरं आजपासून, कारण तुझ्या वर्गाचा निकाल एकतीसले आहे. या कागदाचा फोटो आत्ताच पाठवून राहिलो.

४) पेटी हर्षानं स्वतः न्यावी आणि दुसरं कलम सुगतले वाचून दाखवावं. हे आमच्या मुकादम हिरालालभाऊले ऐकवलं, तर ते म्हणाले, "एवढं तर जिवंतपणीही करता येते ना बाबू?" येते. म्हणून परतलो तर मीच नेईन. कोणीही नेली, तरी सुगतनं घेतलीच पाहिजे असं नाही. तो बोलू लागला तर कितीही वेळ लागो, मधे शब्द सुचवू नये, घड्याळ पाहू नये. त्याचं झालं की मगच उठावं.

सही: निखिल फ. भेंडारकर
साक्षीदार: १. हिरालाल साहू, टोळीचे मुकादम २. लेखराम निषाद, मेसचे आचारी (अंगठा)
मुक्काम रामपूर, हिमाचल प्रदेश. १९ मार्च २०२५