अभयाचं सातवं वाक्य

माले, ता. मुळशी
शनिवार, ११ ऑक्टोबर २०२५

चि. दयास ताईचे पोटभर आशीर्वाद.

इकडे सगळे बरे आहोत. भात छान निसवलंय. तुझ्या दाजींचा गुडघा पुन्हा कुरकुरतोय, पण दवाखान्याचं नाव काढलं की गडी शेतात पळतो. राजू दुधाची गाडी घेऊन बावधनला निघालाय, त्याच्या हाती हे पत्र आणि घेवड्याच्या शेंगा पाठवतेय. शेंगा फ्रिजमध्ये कुजवू नकोस. फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू मला बोलू देतोस कुठं, मेल्या!

तू बनवत असलेला व्हिडिओ गेम, खेळून बघायला धाडलेला, आमच्या दिशाने फोनवर घेतला. आठ दिवस कार्टी जेवताना मान वर करत नव्हती. मग मीही खेळले. तो सावट नावाचा राक्षस माणसांच्या भीतीवर पोसतो, पडद्याच्या कोपऱ्यातला भीती मोजणारा काटा चढत जातो आणि माणसं जागच्या जागी दगड होतात. बाई गं, माझ्या तळहाताला घाम फुटला! आणि तुझी ती अभया, पदर खोचून आभाळात उडणारी. धरणात पोरगं बुडतं, ती सरळ सूर मारते. तिचा काटा तसूभर हलत नाही. नाक अगदी माझंच काढलंयस.

दिशा काय म्हणाली सांगू? "आई, मामाची अभया भारी हाय, पण हिला भीतीच वाटत न्हाई. मग मला हिची काळजी कशी वाटायची?" बारा वर्षांची पोर, पण बोलली ते मला लागलं.

तू अभयासाठी माझ्या आवाजात सात वाक्यं मागितलीस. सहा पाठवली. "भीती? ती काय असते?" हे सातवं काही केल्या तोंडातून निघेना. तुला सांगितलं, घसा बसलाय. घसा ठणठणीत आहे.

परवा तू म्हणालास की सोमवारी कंपनीत सगळ्यांपुढं उभं राहून गेम समजावून द्यायचाय, आणि ते काम तू दुसऱ्यावर ढकललंस. "ताई, मी तुझ्यावर गेलो नाही गं, मी भित्राच." हसत म्हणालास. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दया, मी पाण्यात उडी मारली नव्हती.

लिहिलं एकदाचं.

तू सहा वर्षांचा होतास, मी तेराची. कासारसाईच्या धरणावर आपण म्हशी धुवायला गेलो होतो. तुझा पाय घसरला. आधी तुझा हात दिसत होता, मग तोही दिसेना. मला पोहता येत होतं. हे नीट वाच, येत होतं. आणि मी पाठ फिरवून पळाले. करवंदीच्या जाळीमागं कानात बोटं घालून बसले. तू हाक मारशील आणि ती मला ऐकू येईल, याचंच भय वाटत होतं.

तुला काढलं चिंधूमामाने. डोंगरवस्तीवरचा, मासे धरायचा तो. तुला पालथं घालून पोटातलं पाणी काढलं, मग मला जाळीमागून हाताला धरून आणलं आणि तुला माझ्या मांडीवर ठेवलं. मी रडत म्हणाले, मी पळाले. तर म्हणाला, "पळालीस तर पळालीस. मलाबी लई भ्या वाटलं, ह्ये हात बघ कसं कापत्यात. आता आलीस न्हवं? धर त्याला." आणि म्हणाला, "माजं नाव कुनाला सांगू नगंस, पोरी. माशांचा ठेका दुसऱ्याचा हाय, मी चोरून जाळं टाकलंया." जाळं गुंडाळलं आणि गेला.

लोक धावत आले तेव्हा तू माझ्या मांडीवर, आणि तुझ्या अंगच्या पाण्याने मी चिंब. त्यांनी काय ते ठरवून टाकलं. मी गप्प राहिले. शाळेत नारळ देऊन सत्कार केला, टाळ्या वाजवल्या, तरी गप्प. चिंधूमामाचं नाव सांगायचं नाही, हे कारण मला किती पुरलं! तो ठेकेदार जाऊन जमाना झाला, तरी पुरलंच.

आणि तू! भाऊबीजेला बहिणीने भावाला ओवाळायचं, तर आठ वर्षांचा असताना माझ्या हातातलं ताट हिसकावून घेतलंस. "माझा जीव हिनं वाचवला, मीच हिला ओवाळणार." तेव्हापासून दरवर्षी तू मला पाटावर बसवतोस, निरांजन माझ्या तोंडापुढं फिरतं आणि मी डोळे मिटून घेते. तुम्हाला वाटतं, माया दाटून आली.

जी ताई कधी नव्हतीच, तिच्याशी स्वतःला ताडून बघत तू भित्रा ठरलास. हे मी तुझं केलं, आणि आता मला सोसवत नाही. रागव, बोलू नकोस महिनाभर, तुझा हक्क आहे. पण सोमवारी उभा राहा, राजा. हात कापले तर कापू देत. तुला पाण्यातून ज्या हातांनी काढलं, तेही कापतच होते.

काल मी वस्तीवर जाऊन आले. चिंधूमामा फार थकलाय, पण मला ओळखलं. विचारलं, "त्यो पोरगा काय करतोय?" म्हटलं, खेळ बनवतो मामा, भीतीचा. बोळकं उघडून हसला. "मंग माजं भ्या घाल म्हनावं त्यात." भाऊबीजेला त्याला घरी बोलावलंय. यंदा पाटावर तो बसेल. ओवाळायचं तू, मी नुसतं ताट धरीन.

सातवं वाक्य रेकॉर्ड करून ठेवलंय. पत्र तुझ्या हातात पडलं असं राजूने कळवलं की धाडते. तू लिहून दिलेलं नाही ते. मी म्हटलंय, "दया, मला लई भ्या वाटतंया. पण ह्या खेपेला मी पळत न्हाई." जमलं तर अभयाच्या तोंडी घाल, तिचा काटा जरा हलू दे. नाही जमलं तर तुझ्यापाशी ठेव.

राजू हॉर्न वाजवतोय. आता हे पाकिटात घालते, नाहीतर फाडून टाकीन.

तुझीच,
जाळीमागून उठून आलेली,
हेमाताई