ब्रंचला नेलेले पोहे

गुरुवार, १५ फेब्रुवारी

मालूने एकदाचं तोंड उघडलं! पेणचे आहेत. शरद नाव, तिच्याच कंपनीत. रविवारी भेटायचंय, त्याचे वडीलही येणार. "लग्नाचं आहे का गं?" विचारलं तर म्हणाली, "हो, तसंच काहीतरी." आणि हसली. मी म्हटलं, घरी बोलाव की. तर म्हणे, "घरी नको आत्या, अवघडल्यासारखं होतं. गडबला हायवेवर नवीन हॉटेल झालंय, तिथे ब्रंच करू. रोहा काय नि पेण काय, दोघांना मध्ये पडतं."

ब्रंच म्हणजे न्याहारी आणि जेवण एकत्र. उठायला उशीर झाला की आमच्याकडे आपोआप व्हायचं ते. त्याला नाव नव्हतं इतकंच.

दादा-वहिनी गेल्यापासून पोरगी माझ्याकडेच. हिचं ठरलं की मी सुटले. मग हे घर खायला उठेल, ते नंतर बघू.

शनिवार, १७

मालूने बळेबळे केसांना कलप लावला — माझ्या! मोरपंखी साडी इस्त्री करून ठेवली — तीही माझी. स्वतः जीन्स घालणार म्हणे.

"तिथे व्हेज मिळतं ना?" विचारलं. "हिरव्या ठिपक्याचं पानभर मिळतं." मिळो. पण मुलगी बघायला यायचं आणि मुलीकडचे कांदेपोहे खायचे नाहीत? हॉटेलात बसलं म्हणून रीत बदलते का? सकाळी गुपचूप करून डब्यात नेणार. मालूला कळलं तर थयथयाट करेल.

रविवार, १८

दमले. पण लिहितेच.

हॉटेल पोराबाळांनी गच्च भरलेलं. कुणाचं तरी शेंबडं पोर आमच्या टेबलाखालून आरपार गेलं. हिरव्या ठिपक्याचा पॅनकेक मागवला. आलं काय — जाडं धिरडं, वर मध! धिरड्यावर मध!

शरद गोड मुलगा. बरोबर त्याची बहीण शकू. ती खुशाल त्याच्या ताटलीतलं उचलून खात होती, त्याच्या हनुवटीची चटणीसुद्धा तिनेच पुसली. पेणला चालत असेल. मी शरदला विचारलं, "काही व्यसन?" तर शकूच म्हणाली, "मोबाइलचं."

मालूला मात्र कुणी काही विचारेना. शरदचे वडील, दत्तात्रेय — उंच, शांत, बायको जाऊन बरीच वर्षं झाली — सगळं मलाच विचारत होते. सकाळी चहा कधी लागतो, झोपताना पंखा लागतो का, भांडण झालं तर अबोला धरता की बोलून मोकळ्या होता. मी म्हटलं, "बोलून. अबोला समोरचा धरतो." पोट धरून हसले. सासरा हुशार आहे हो, आत्यावरून भाचीची पारख करतोय.

मग मी टेबलाखालून डबा काढला. मालूने कपाळावर हात मारला. दत्तात्रेयांनी मेन्यूकार्ड उभं धरलं आणि त्याच्याआड पोहे खायला लागले! तेवढ्यात गल्ल्यावरची हौसाबाई येऊन उभी. हॉटेल तिच्या मुलाचं. "बाहेरचं खायाला बंदी हाय गो ताई." दत्तात्रेयांनी चमचाभर पोहे तिच्यापुढे धरले. तिने खाल्ले. "लिंबू कमी हाय," म्हणाली आणि आतून फोड आणून दिली.

"कुणी केले?" दत्तात्रेयांनी विचारलं. "मालूने," मी ठोकून दिलं. अशा वेळी सगळं मुलीनेच केलेलं असतं. त्यांचा चेहराच उतरला. तर मालू म्हणते, "काका, मला पोहे भिजवतासुद्धा येत नाहीत. आत्याने केलेत." चेहरा लगेच खुलला! कार्टीने माझं नाक कापलं. डबा चाटूनपुसून लख्ख. तो त्यांच्याकडेच राहिला.

सोमवार, १९

पेणहून काही नाही.

मंगळवार, २०

आजही नाही. पोह्यांवरच फिसकटलं, दुसरं काय! मालू मजेत गाणी म्हणत फिरतेय. मला मात्र मनातून जरा बरं वाटलं, पोरगी घरात राहील म्हणून. मग त्याची लाज वाटली.

गुरुवार, २२

डबा आला! शरदने कंपनीत मालूकडे दिला. रिकामा डबा परत करू नये हे कळतं त्यांना — काठोकाठ पोह्यांचे पापड. आणि वडिलांचा निरोप, "मुलगी पसंत आहे."

देवापुढे साखर ठेवली. मालूला पोटाशी धरून रडले. म्हटलं, आता तुझ्या सासऱ्यांना फोन लावते. ती हसत सुटली, काही सांगेचना. फोन मात्र काढून घेतला.

शुक्रवार, २३

शकू शरदची बहीण नाही. बायको आहे. मुलगी म्हणजे मी!

मालू म्हणते, "आधी तुझं, मग माझं." दिवसभर तिच्याशी अबोला धरला. जन्मात पहिल्यांदा.

परवा पुन्हा गडब. लिंबू जास्त पिळायचं.