उजव्या बाजूची जागा

विचिटा, कॅन्सस, अमेरिका
१७ ऑक्टोबर १९८२

ती. बाबांस,
जय ख्रिस्त. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. यंदा आगेराच्या सणाला नव्या भाताची लोंबी तुम्ही एकट्यानेच देवळात नेलीत, हे वाचून वाईट वाटलं. आई गेल्यापासूनचा हा पहिलाच आगेर. मी तिथे असायला हवं होतं.

एक बातमी आहे, बसून वाचा. मी विमान घेतोय. हसू नका. आमच्या कारखान्याच्या क्लबात मी उडवायला शिकलो, लायसन मिळालं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. इथे जुनी विमानं सर्रास विकली जातात. हे बोनान्झा जातीचं आहे. इंजिन एकच, पण भलतं ताकदवान. हवेत गेलं की चाकं पोटात घेतं. शेपटीला उभं पान नाही, इंग्रजी व्ही अक्षरासारखी दोन तिरकी पानं आहेत. मालक वॉल्टर नावाचा गव्हाचा शेतकरी. बायको वारली, आणि आता हृदयाच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी त्याचं उडवणं बंद केलंय, म्हणून विकतोय.

कशाला हवी ही थेरं, असं म्हणाल. खरं सांगतो, बाबा, रविवार मला खायला उठतो. देवळातली मिस्सा संपली की सगळे आपापल्या मोटारीत बसून घरी जातात. मी खोलीवर येतो आणि रेडिओ लावतो, कोणीतरी बोलत राहावं म्हणून. विमानातून वर गेल्यावर निदान एकटं असण्याचं काही वाटत नाही, तिथे सगळेच एकटे.

माणिकपूरहून तुम्ही नवी बैलगाडी आणलीत, तेव्हा आजोबा बसून विहिरीपर्यंत फेरी होईस्तोवर मला चाकालासुद्धा हात लावू दिला नव्हता. घरातल्या वडीलधाऱ्याने बसल्याशिवाय नव्या वाहनात चालवणाऱ्याखेरीज कोणी बसायचं नाही, ही आपल्या घरची रीत मीही पाळणार. माझ्या शेजारची, उजव्या बाजूची जागा तुमची. ईस्टर झाला की या. तोवर तिथे कोणीही बसणार नाही.

जिवाला जपा, माया आहे तशीच राहू द्या.
आपला,
ॲन्सेल्म


भुईगाव
२ नोव्हेंबर १९८२

चि. ॲन्सेल्म यास अनेक उत्तम आशीर्वाद.

आज मृतांचा दिवस. तुझ्या आईच्या कबरीवर झेंडू वाहून आत्ताच आलो. वाऱ्याने मेणबत्ती सारखी विझत होती. शेवटी शेजारचा काशीराम छत्री उघडून आडवा उभा राहिला, तेव्हा कुठे ती तेवली. तुझ्या नावानेही एक लावली आहे.

मी मुलाच्या लग्नाची वाट पाहतो आणि मुलगा विमान घेतो, हे आपल्या आळीतल्या बर्थाला कोणत्या तोंडाने सांगू? तिची मुलगी विनी तुझ्याच गावात नर्स आहे, म्हणजे तिला आधीच कळलं असणार. काशीराम विचारत होता, की त्या इमानाला वैरण काय घालतात आणि रात्री बांधतात कुठे. मी म्हटलं, पत्रात विचारतो. तेव्हा कळव.

मला विमानातलं काही कळत नाही, पण बैल मी बरेच घेतले. विकणाऱ्याच्या ओळखीचा गुरांचा डॉक्टर कधी आणायचा नाही, आपला माणूस न्यायचा. आणि बरेच दिवस दावणीला उभं राहिलेलं जनावर वरून तुकतुकीत दिसलं, तरी सगळीकडे हात फिरवून बघायचं. विकणारा लबाड असतो असं नाही. त्याची माया असते, म्हणून त्याला खोट दिसत नाही.

येण्याचं बघू. केळीच्या बुडाचे मुनवे काढायचे आहेत, पानवेलीला पाणी आहे, घराला कुलूप लावणं जिवावर येतं. बैल विकल्यापासून गाडी आंब्याखाली नुसती उभी आहे. संध्याकाळी तिच्याकडे बघत बसतो.

जेवणाची हेळसांड करू नकोस. आठवण ठेव, आम्हीही ठेवतो.
तुझा बाबा,
युजीन


विचिटा
९ जानेवारी १९८३

ती. बाबांस,
जय ख्रिस्त. सा. न. वि. वि.

हे पत्र विनीच्या हाती देतोय. ती भावाच्या लग्नाला येतेय. सोबत विमानाचा फोटो आणि एक जुनी गादी आहे. उजव्या जागेचं कातडं फाटलं होतं, तिथे नवी गादी बसवली, ही काढलेली. तुम्ही कुठे बसणार ते कळावं म्हणून पाठवली.

तुमचं ऐकलं. दुसऱ्या गावचा मेकॅनिक नेला. त्याने दिवसभर एकेक झाकण उघडून पाहिलं. शेपटीत उंदरांनी गव्हाच्या काड्यांचं घरटं केलं होतं आणि त्यांच्या मुताने पत्रा खायला सुरुवात केली होती. वॉल्टर इतका शरमला, की मलाच कसंसं झालं. ते दुरुस्त करून घेतलं. मेकॅनिकने स्वतः एक फेरी मारून पाहिली. तेव्हा विमान आपलं नव्हतं, त्यामुळे ती धरायची नाही. मग मी ते घेतलं.

चावी देताना वॉल्टरने पंखावर हात ठेवला. विचारलं, की पहिल्या फेरीत तो शेजारी बसला तर चालेल का. मी नाही म्हटलं. सांगितलं, की ती जागा माझ्या वडिलांची आहे, आमच्याकडे रीत आहे. तो मान हलवून बाजूला झाला. मी उतरेपर्यंत तो थंडीत कुंपणाशी उभा होता, टोपी हातात धरून.

तेव्हापासून दर रविवारी उडतो. खाली बर्फच बर्फ. काही छान दिसलं की मान आपोआप उजवीकडे वळते. बाबा, तुम्ही याच. नक्की कळवा.

काशीरामला सांगा, ते पेट्रोल पितं आणि बेसुमार पितं.
आपल्या उत्तराकडे डोळे लावून,
ॲन्सेल्म


भुईगाव
६ फेब्रुवारी १९८३

चि. ॲन्सेल्म यास अनेक उत्तम आशीर्वाद.

विनी भेटली. गादी, फोटो मिळाले. फोटोत तू वाळलेला दिसतोस.

तू नक्की कळवा म्हणालास, म्हणून कळवतो. माणिकपूरच्या डॉक्टरांना दाखवलं. तुझ्या त्या वॉल्टरला त्याच्या डॉक्टरांनी जे सांगितलं, तेच यांनी मला सांगितलं. हृदय थकलंय, लांबचा प्रवास नाही. घाबरू नकोस. गोळ्या घेतो, हिंडतो-फिरतो. पण तुझ्या विमानात मी बसणार नाही. तुझं पत्र वाचून मला रडू आलं, ते लपवत नाही.

पण रीत मोडायची नाही. म्हणून आठ-दहा दिवसांपूर्वी ती गादी आपल्या गाडीत घातली आणि वर बसलो. काशीरामने जू उचललं, बर्थाच्या मुलांनी मागून लोटलं, आणि विहिरीपर्यंत फेरी झाली. काशीराम तोंडाने इंजिनाचा आवाज काढत होता. बर्था पदर तोंडाला लावून हसत होती. आजोबा गेले होते तेवढंच अंतर गेलो. घरातला वडीलधारा तुझ्या विमानाच्या गादीवर बसून आला. आता ती जागा मोकळी आहे.

तेव्हा हे पत्र मिळालं की वॉल्टरकडे जा. एका म्हाताऱ्याला तू माझ्या नावाने कुंपणाशी उभं केलंस, ते मला फार लागलंय. त्याला उजवीकडे बसव आणि त्याच्या शेतांवरून फिरवून आण. माझ्या मुलाने पाठवलेल्या गादीवर मी बसलो तेव्हा मला काय वाटलं, ते त्याला विचार. तोही माझ्यासारखाच, त्याला सांगता येईल.

मग मला त्याच्याबद्दल लिही. तो काय बोलला, ते सगळं लिही.

देव तुझ्या पाठीशी राहो. पत्रात खंड पाडू नकोस.
तुझा बाबा,
युजीन

ता. क. गादी परत मागू नकोस. ती गाडीतच ठेवली आहे. संध्याकाळी मी तिच्यावर बसतो. एका बाजूला सरकून बसायची सवय झाली आहे, त्यामुळे शेजारी जागा उरते. तू येशील तेव्हा बस.