गवरीतला इस्तू

५ फेब्रुवारी, बुधवार
जिनिंग जळाली. दुपारच्या जेवनानंतर मागच्या गंजीतून धूर निघाला अन् घटकाभरात कापसाच्या तिन्ही गंज्या गेल्या. आमी कापसातला कचरा येचनाऱ्या चौदा बाया, चपला तिथंच टाकून पळालो. सेलूचा बंब आला, पाथरीचा आला, परभनीचे दोन आले. कापूस वरून इझतो, आतून जळतो. अजून धुमसायलाय.
मानूस कुनी मेलं न्हाई. ज्ञानेश्वरीचा हात भाजला, कोपरापतुर. पोर माझ्याच शेजारी बसून कचरा येचती.

६ फेब्रुवारी
जेवले न्हाई. सून दैवशाला म्हनली, "आत्या, कापूस मालकाचा जळाला, तुमी कशाला उपाशी?"
तिला काय सांगू!

७ फेब्रुवारी
लिहिते. वही कुनाला सांगायला जात न्हाई.
गेटवर नियम हाय — काडीपेटी, बिडी तिथल्या डब्यात टाकायची, मगच आत. बन्सीधर वॉचमन गड्यांचे खिसे चाचपतो. बायांना हात लावत न्हाई, भला मानूस. मला तर रोज म्हनतो, "जा माय, तुज्यापाशी काय असनार, भाकर!"
माझ्यापाशी इस्तू असतो.
काडीपेटी खुळखुळती, गेटवर ऐकू जाईल, म्हनून पेटत्या गवरीचा तुकडा राखंत पुरून डालड्याच्या डब्यात घालून नेते. दुपारपतुर मरत न्हाई. बाया पुढं शेडात जेवतेत. मी मागं गंजीच्या आडोशाला जाते, पत्र्याच्या तुकड्यावर तंबाखू भाजते, मिसरी लावते. चोरून. कारन दोन वर्सांमागं डॉक्टरनं गालातली जखम दाखवली अन् मी सगळ्या गावात सांगितलं, मिसरी सोडली! दैवशालानं पेढे वाटले. ते पेढे मी बी खाल्ले.
बुधवारी डब्यातली राख गंजीच्या बुडाशी वतली. गार झाली असंल, वाटलं. बोट लावून बघितलं न्हाई. बघायला काय झालतं?

१० फेब्रुवारी, सोमवार
परभनीहून आगीच्या चौकशीचा सायब आला. संगं दोघं, हातात रबरी मोजे. राख चाळायलेत, चिमटीनं पिशव्यात भरायलेत. मी म्हनले, राखंला काय नाव-गाव असतंय व्हय? बाया हसल्या. सायब हसला न्हाई. म्हनला, "असतं, आजी. सरकारनं मला अधिकार दिलाय. कुनालाबी बोलवीन, कुनाचाबी डबा उघडून बघीन."
डबा म्हनला अन् मी दोन पावलं मागं सरले. मग कळलं, बोलायची रीत हाय.
एकेकीचा जबाब घेतला. माझी पाळी आली.
"बन्सीधर बिडी वढतो का?"
"वढतो की. बापाला भ्याला न्हाई, तुमाला भिनार हाय का?"
पुन्हा सगळे हसले. माझी जीभ! हसं मिळालं की थांबत न्हाई.
"गेटच्या आत वढताना बघितलं?"
कधीच न्हाई. गेटाभाईर, रस्ता वलांडून वढतो. मी मान हालवली. व्हय अशी का न्हाई अशी, माझं मला म्हाईत न्हाई. सायबानं व्हय धरलं. मी धरू दिलं. खाली सही केली — कडूबाई, सगळी अक्षरं नीट. दुसरीपतुर शिकलेली बाई, अंगठा कशाला लावंल!

१२ फेब्रुवारी
बन्सीधरला पोलिसांनी नेला.

१३ फेब्रुवारी
मिसरी लावली. थुकली. पुन्हा लावली.

१५ फेब्रुवारी
नळावर बन्सीधरची बायको भेटली. रोहिणी. तिनं माझी घागर उचलून कमरंवर दिली. मला म्हनती, "माय, त्यांनी आत कधीच वढली न्हाई. कुनीतरी बघितलं म्हनून सांगितलंय. कुनाचं वाईट केलतं त्यांनी?"
मी म्हनले, "लोकांचं काय, जीभ सैल असती."
असं म्हनले! तिच्या तोंडावर!
घरी येईपतुर निम्मं पानी सांडलं. दैवशाला म्हनली, "वय झालं तुमचं." वय न्हाई बाई. दुसरंच झालंय.

१६ फेब्रुवारी
जेलात बायांना भाकर देतेत का ज्वारीची? इचारावं कुनाला.

१७ फेब्रुवारी, सोमवार
दैवशालाला म्हनले डोळे दाखवायला जाते. एसटीनं परभनी. सायबाच्या दाराशी दोन घंटे बसले. शिपाई म्हनला, "आजी, निराधारच्या पगाराचं हाफिस पलीकडं हाय." म्हनले, मला पगार नको, सायब दे.
डबा टेबलावर ठिवला. सगळं सांगितलं. गवरी, पत्रा, राख. मान हालवल्याचं बी सांगितलं.
सायबानं डबा उघडून बघितला. मग म्हनला, "मागच्या गंजीखाली शेनाची राख सापडली, आजी. कुठून आली ते कळत नव्हतं."
म्हंजी राखंला नाव-गाव असतंय.
म्हनले, मला आत टाका, त्याला सोडा. म्हनला, ते पुढचं पुढं, गाव सोडून जायचं न्हाई. डबा ठिवून घेतला. नवा जबाब लिहिला. ह्या बारीला वाचून दाखवा म्हनले, मगच सही केली. अक्षरं वाकडी आली.
येताना एसटीत झोप लागली. बारा दिवसांत पहिली.

१९ फेब्रुवारी
बन्सीधर सुटला. पोलिसांनी दैवशालाला इचारलं, तिनं सांगितलं, आत्यानं मिसरी सोडून दोन वर्सं झाली. आता गावात एकच बोलनं — म्हातारीनं बन्सीधरपायी आळ आपल्या अंगावर घेतला. ज्ञानेश्वरी बी तेच म्हनली म्हनं, भाजल्या हातानं हात जोडून.
सांजच्याला रोहिणी आली. माझ्या पायावर डोकं ठिवलं.
मी पाय मागं घेतले न्हाईत.