चिंगी पिसाळली नव्हती

तात्या,

भाकरी झाकून ठेवली आहे, आमटी तेवढी गरम करून घ्या. मी पुन्हा कशेळ्याला चाललेय, चिंगीला शोधायला.

कडावच्या गुरांच्या डॉक्टरांना तिचा व्हिडिओ दाखवला. मान ताणून घुर्रघुर्र श्वास आत ओढायची ना, ती म्हणे उलटी शिंक. "पिसाळलेली नाय गं, गळा चोळला की थांबतं," म्हणाले.

आपल्या लहानग्या सुरभीला चावेल या भीतीनंच तुम्ही तिला टेंपोतून नेऊन कशेळ्याच्या रानात सोडलीत, हे मला कळतं.

काल तिथल्या वाडीतली एक बाई म्हणाली, "रस्त्याला एक कुत्री मरून पडलेली." तिचा रंग विचारायचा मला धीर झाला नाही. आज विचारते. सुरभीला इतक्यात काही सांगू नका.

रोहिणी