कडवीच्या तीन चिरा

३ नोव्हेंबर, सोमवार

आज कामशेतला उतरलो आणि वाटलं, बरं झालं आलो. किनवटहून निघताना अनितानं ही वही पिशवीत घातली. मी सात कामं सोडलेला माणूस. ती म्हणाली, निलेश, महिनाभर एका जागी टिकून दाखव, रोजचं लिहून ठेव, मग मी तुझ्याजवळ राहायला येते. लग्नाला दीड वर्ष झालं, पण दोन महिनेसुद्धा आम्ही सलग एका छपराखाली राहिलो नाही. सहावीनंतर पेन धरलं नव्हतं. तिच्यासाठी धरतो.

जागा झकास आहे. वडिवळे धरणाच्या पाण्याला लागून हिरव्या जाळीचे चार शेड, बाजूला भाताची कापणी चाललेली, सगळीकडं ओल्या पेंढ्याचा वास. मला पत्र्याची वेगळी खोली, खाट, पंखा. अनिताला चूल मांडायला कोपरा पण आहे.

५ नोव्हेंबर

काम शिकलो. शेडमधे कमरेएवढी झाडं, रांगच्या रांग. मालकीण शुभदा मॅडम त्यांचं लांबलचक इंग्रजी नाव घेतात. पाणी घालणारी चिमाबाई नुसती 'कडवी' म्हणते. रोज उजाडलं की प्रत्येक खोडावर पात्यानं तीन चिरा मारायच्या, साल फाटेल इतक्याच. चौथ्या दिवशी पानं खुडायची. तेव्हा रस सगळ्यात कडू असतो आणि त्याचं औषध बनतं.

मी मॅडमना विचारलं, मारल्यावर झाड सुकायला पाहिजे, कडू कसं होतं? त्यांना प्रश्न आवडला असावा, चांगलं समजावून सांगितलं. झाडाला पळता येत नाही. म्हणून पाणी, हवा आणि ऊन एवढ्यावर ते अंगातल्या अंगात विष शिजवतं. चिरा पडल्या की त्याला वाटतं, कुणीतरी खातंय आपल्याला. मग ते जास्त शिजवतं. शेजारचं झाड नुसत्या वासानं सावध होतं आणि तेही शिजवायला लागतं.

मी दिवसभर त्याचाच विचार करत होतो. एवढं सगळं मुकाट्यानं.

१२ नोव्हेंबर

मुकादम राजेंद्रभाऊ. माणूस तोंडाचा घाण, पण आजपर्यंत माझं त्याचं बरं होतं. रोज दुपारी त्याची तंबाखू मीच मळून द्यायचो.

आज शेवटच्या रांगेत एक मरतुकडं झाड होतं. मी त्याला एकच चीर मारून सोडलं. राजेंद्रभाऊनं पाहिलं. खुडणाऱ्या बायांसमोर माझी मान धरली, रस लागलेलं पातं तोंडासमोर आणलं.

"कीव येते ना त्याची? मग चाट."

बाया खाली बघत राहिल्या. मी चाटलं. संध्याकाळपर्यंत जीभ लाकडासारखी होती. त्यानं दुपारी परत तळहात पुढं केला. मी तंबाखू मळून दिली.

काम सोडणार होतो. पिशवी भरलीसुद्धा. मग अनिताचा शब्द आठवला आणि पिशवी रिकामी केली.

१३ नोव्हेंबर

चिमाबाईला राहवलं नाही. शेजारी येऊन बसली, म्हणाली, वाईट वाटून घेऊ नको. तिचा बाप झाडपाल्याची औषधं द्यायचा. पाला तोडायच्या आदल्या दिवशी झाडाजवळ तांदूळ ठेवून आवतण द्यायचा. आणि तोडताना ज्याच्यासाठी तोडायचं त्याचं नाव सांगायचा. म्हणजे झाड त्या माणसासाठी लागेल तेच बनवतं. नाव न सांगता तोडला तो पाला तो फेकून द्यायचा.

ती माझ्या भल्यासाठी बोलली. मी दुपारीच पातं घेतलं आणि प्रत्येक खोडावर तीनच्या जागी सहा चिरा मारल्या. प्रत्येक चिरेला म्हणालो, राजेंद्रसाठी. हे राजेंद्रसाठी. तांदूळबिंदूळ काही ठेवलं नाही. चारही शेड केले. हात दुखले, पण मन शांत झालं.

१७ नोव्हेंबर

चौथा दिवस. राजेंद्रभाऊ जेवता जेवता उठला. ओठ निळे, जीभ सुजून बाहेर. बोलायला गेला तर नुसती लाळ. त्याला गाडीत घालून तळेगावच्या दवाखान्यात नेलं. सगळे म्हणतात, काहीतरी चावलं.

मी दोन ताट भात खाल्ला. खोटं कशाला लिहू.

१९ नोव्हेंबर

तो वाचला. पण जीभ गेली, उजवा हात गेला. आता त्याला कुणाला चाट म्हणता येणार नाही. मला त्याची जागा मिळणार असं दिसतंय.

एक गोष्ट कळत नाही. झाडं शेडमधे, तो त्या चार दिवसांत शेडच्या बाहेरच. माझ्यापुढं पातं धरलं तेही मुठीनं, रसाला कधी हात लावला नाही. मग त्याच्या तोंडात गेलं कशातून?

२१ नोव्हेंबर

अंगावर डास बसतात आणि गळून पडतात. सकाळी चादरीवर ओंजळभर मेलेले. घामाला वास आहे, ओळखीचा. दाराशी येणारं कुत्रं माझ्या हातची भाकरी हुंगून मागं सरलं.

आता कळलं. तंबाखू मी मळत होतो. ह्या तळहातावर.

२२ नोव्हेंबर

उठलो तर पोटरीवर तीन चिरा. सरळ, सारख्या अंतरावर. फार खोल नाहीत. साल फाटेल इतक्याच. रक्त नाही, पाण्यासारखं काहीतरी.

२३ नोव्हेंबर

आज मांडीवर तीन. दार आतून बंद होतं. शेडमधली झाडं मात्र टवटवीत, एकाच्याही खोडावर जुनी खूण उरली नाही.

चिमाबाईला दाखवलं. राजेंद्रचं नाव घेतलं होतं तेही सांगितलं. तिनं हात लावला नाही, लांबूनच पाहिलं. म्हणाली, "आजाऱ्याचं नाव सांगायचं असतंय रं. तू वैऱ्याचं सांगितलंस. आता त्यास्नी नवी रीत कळली."

मी विचारलं, मला मारतील काय?

"न्हाई मारनार. तू त्यास्नी मारलंस व्हय? रोज चिरलंस आन रस नेलास. तीबी तेवढंच करतील."

२४ नोव्हेंबर

अनिताचा फोन आला तेव्हा मी शेडमधे होतो, पातं हातात. मॅडमनी रांग पूर्ण करायला सांगितली होती. अनिता म्हणाली, महिना होत आला, टिकलास, मी खरंच येते. मला इतका आनंद झाला. बोलत गेलो आणि हात सवयीनं चालत राहिला. अनिता, खरं सांगतेस? अनिता, कधी? अनिता—

चिमाबाईच्या हातातला पाइप खाली पडला. तिनं विचारलं, कुणाचं नाव घेतोस?

पूर्ण रांग झाली होती.

२५ नोव्हेंबर

येऊ नको म्हणून सांगितलं. म्हणाली, परत पळायला लागलास ना? मी रडलो. तिला वाटलं नाटक करतोय. आता फोन उचलत नाही.

आज पाठीवर चिरा. मोजल्या नाहीत.

२६ नोव्हेंबर

झाडांपुढं तांदूळ ठेवले. पाया पडलो. म्हणालो, माझं नाव घ्या. मला न्या. सकाळी तांदूळ तसेच. काळे पडलेले.

२७ नोव्हेंबर

आज तिचा फोन बंद. रागावली तरी ती येणारच, म्हणजे गाडीत बसली. उद्या चौथा दिवस.

पातं विस्तवात टाकलं. दोन्ही हात चिखलात घालून बसलो. चिखलातले किडे वर आले, उलटे.

२८ नोव्हेंबर

सकाळी ताप चढला. कडी लावली होती. लावली होती ना—

डोळे उघडले तर अनिता. चिमाबाईला सांगून सळईनं कडी काढली म्हणे. पदरानं माझा घाम पुसत होती. चिरांवर हळद भरली होती, तिच्या बोटांनी. रागावली नाही. चूल पेटवली. पिठलं केलं. मीठ बघायला बोट जिभेला लावलं. म्हणाली, कडू कसं लागतंय रे?

चिमाबाई मॅडमची गाडी आणायला पळाली आहे.

मी दारात बसून लिहितोय. हातांना काहीतरी धरायला पाहिजे. नाहीतर मी तिला धरीन.

तिचे ओठ— ती हसायचा प्रयत्न करतेय. उजवा हात उचलत नाही.

पाणी मागतेय. तांब्या माझ्याजवळ आहे. दुसरं कुणी नाही. परत मागतेय. आता नुसती खूण करून. निलेश म्हणायला जातेय आणि जीभ—

मी हात